कोवळ्या हाताची खतावणी
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हाडांविषयी लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना जरा आगाऊपणाचे वाटेल. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि त्यामुळे मला हा विषय वाचावा लागला. वाचता वाचता ध्यानात आले, की यात वैद्यकाइतकाच हिशोबाचाही भाग आहे. म्हणून हे धाडस.

माझा धाकटा भाऊ नववीत शिकतो. सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू फेकण्याबद्दल टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर त्याचे थोडेफार नाव आहे. त्या नावाचा परिणाम असा झाला, की गल्लीतल्या मोठ्या मुलांनी त्याला नेटमध्ये हाताशी धरले. फलंदाजाला सराव व्हावा म्हणून दहा-बारा पावलांवरून जोरात चेंडू फेकून द्यायचे, ज्याला सगळे थ्रो-डाऊन म्हणतात, ते काम त्याच्याकडे आले. सकाळी शाळेच्या संघाचा सराव, संध्याकाळी गल्लीचे नेट आणि रविवारी सामना. काही दिवसांनी तो दप्तर डाव्या हाताने उचलू लागला. केस विंचरताना तोंड वाकडे करू लागला. आईने विचारले तर म्हणे, "काही नाही, झोपेत हात अवघडला." दोन महिन्यांपासून त्याचे कोपर आतल्या बाजूने दुखत होते, आणि शाळेच्या संघाची निवड होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही असे त्याने ठरवले होते, हे नंतर कळले.

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढायला सांगितले. चांगल्या हाताचा एक्स-रे कशाला, म्हणून अप्पा कुरकुरले. पण दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या तेव्हा आम्हा अडाण्यांनाही फरक दिसला. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडात जी बारीक काळी फट होती, ती डाव्यापेक्षा रुंद होती. डॉक्टर म्हणाले, "हा तर अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्या पोरांचा कोपर. तुमच्या घरी कुठून आला?"

बेसबॉल आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल, म्हणून थोडे सांगतो. त्यात गोलंदाजासारखा एक खेळाडू असतो, त्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाला कोपर सरळ ठेवावे लागते आणि तो धावत येतो. पिचर मात्र एका लहान उंचवट्यावर उभा राहून, कोपर वाकवून, आपण दगड भिरकावतो तसा चेंडू फेकतो. मोठ्यांच्या खेळात हे अंतर साठ फूट सहा इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'लिटल लीग' या संस्थेने ते ४६ फूट ठेवले आहे. चेंडू आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असतो. एका सामन्यात एकच मुलगा शंभरच्या आसपास चेंडू फेकू शकतो, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने. क्रिकेटमध्ये एका टोकाने षटक झाले की दुसरा गोलंदाज येतो. इथे तशी सक्तीची विश्रांती नाही.

ही फेक म्हणजे शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे. मोजणाऱ्यांनी मोजले आहे, की कसलेल्या पिचरचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत वळतो. म्हणजे तो तसाच फिरत राहिला असता तर एका सेकंदात एकोणीस वेढे झाले असते! त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर जो ताण येतो तो प्रौढ पिचरच्या बाबतीत सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरतो. मीटरभर लांब दांडी कोपराला बांधून तिच्या टोकाला साडेसहा किलोचे वजन टांगावे, तितका हा पीळ. आता गंमत पाहा. कोपराच्या आतल्या बाजूस जो अस्थिबंध आहे, तो एकटा प्रयोगशाळेत ताणून पाहिला तर सुमारे ३२ न्यूटन-मीटरला तुटतो. मग पिचरचा कोपर पहिल्याच फेकीत का तुटत नाही? कारण उरलेला भार भोवतालचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की तो भार अस्थिबंधावर येतो. या सबंध विषयाची किल्ली मला या एका वाक्यात सापडली आणि पुढचे सगळे आकडे त्यामुळे समजू लागले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड तिथून वाढते. कोपराच्या आतल्या बाजूला हाताला जो उंचवटा लागतो, तो साधारण पंधरा ते सतरा वर्षांपर्यंत मुख्य हाडाशी पक्का जुळलेला नसतो. मध्ये ही मऊ पट्टी असते. अस्थिबंध आणि मनगट वाकवणारे स्नायू त्याच उंचवट्याला बांधलेले. म्हणून प्रौढांचा अस्थिबंध तुटतो, तर मुलांची ती पट्टीच ताणली जाते. दोरी तुटण्याआधी खुंटी उपटते म्हणा ना. एक्स-रेमधली रुंद झालेली फट ती हीच. खांद्यालाही अशीच पट्टी असते आणि तिथेही हाच प्रकार होतो. अमेरिकेत डॉक्टरांनी खांद्याच्या या दुखापतीची नोंद १९५३ साली केली. कोपराच्या दुखापतीला १९६० साली ब्रॉग्डन आणि क्रो या दोघांनी 'लिटल लीगर्स एल्बो' असे नाव दिले. म्हणजे हा रोग कालपरवाचा नाही.

मग इतक्या वर्षांत त्याला आळा का बसला नाही? याचे एक कारण मला थोडे विचित्र वाटले. १९७४ साली लॉस अँजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याचा तो अस्थिबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाकडची एक शीर, म्हणजे खरे तर स्नायूची दोरी, काढून कोपरात बसवली. असे पूर्वी कोणी केले नव्हते. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असे खुद्द डॉक्टरांचेच म्हणणे होते. जॉन १९७६ साली मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. एवढी मोठी गोष्ट झाल्यावर लोकांनी तिच्यातून नको तो अर्थ काढला. शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, अशी समजूत खेळाडूंत आणि पालकांतही पसरली. वास्तविक बळकटी येते ती नंतरच्या वर्षभराच्या व्यायामाने, आणि तो व्यायाम शस्त्रक्रिया न करताही करता येतो. खाजगी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले, की २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण १५ ते १९ वर्षांचे होते! ज्या वयात आपण अकरावीचा प्रवेश कुठे मिळेल याची चिंता करतो, त्या वयाची ही मुले.

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे. डॉ. जेम्स अँड्र्यूज आणि ग्लेन फ्लायसिग यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. २००६ साली तिथल्या लोकांनी शस्त्रक्रिया झालेले ९५ तरुण पिचर आणि दुखापत न झालेले ४५ पिचर यांची तुलना केली. वर्षातले आठ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांवर शस्त्रक्रियेची पाळी येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. सामन्यात सरासरी ८० पेक्षा जास्त चेंडू टाकणाऱ्यांची चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांची? छत्तीसपट. हा आकडा मी तीनदा वाचला. वर सांगितलेली स्नायूंची गोष्ट आठवली की हा आकडा कोठून आला ते कळते.

पुढे २०११ साली त्यांनी ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्याचे प्रसिद्ध झाले. वर्षात शंभरहून जास्त डाव पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापत होण्याचा धोका साडेतीनपट होता. याच अभ्यासात एक जुनी समजूतही डळमळली. चेंडू हवेत वळवणारी फेक, तिला कर्व्हबॉल म्हणतात, ती लहान वयात टाकली की कोपर जाते असे तिकडचे वडीलधारे सांगत आले आहेत. तेराव्या वर्षाआधी कर्व्हबॉल टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत जास्त होते, असे या दहा वर्षांत सिद्ध झाले नाही. मात्र २००२ सालच्या एका आधीच्या अभ्यासात कर्व्हबॉलचा संबंध खांदेदुखीशी लागलेला होता, तेव्हा त्या मुलांनी ती खुशाल टाकावी असेही कोणी म्हणत नाही. माझे मत विचाराल तर या वादाने थोडे नुकसानच केले. चेंडू कसा टाकला यावर सगळे भांडत बसले आणि किती टाकले हे कोणी मोजले नाही.

मोजण्याची रीतही पूर्वी चुकीची होती. लिटल लीगमध्ये कितीतरी वर्षे मुलाने आठवड्यात किती डाव पिचिंग करावे याचीच मर्यादा असे. पण एक डाव आठ चेंडूंत संपतो, एक चाळीस चेंडू खातो. हे म्हणजे रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याने गोणी मोजाव्यात आणि वजन करूच नये, तसे झाले. २००७ साली त्यांनी डाव सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. आज तिथे सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसात ५० चेंडू, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५, तेरा ते सोळाला ९५ अशी मर्यादा आहे. त्याहून महत्त्वाचा भाग विश्रांतीचा. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने वीसपर्यंत चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस सुट्टी, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस. ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेल्या मुलाला त्या दिवशी यष्टिरक्षकासारखे काम करणारा कॅचरही होता येत नाही, कारण कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो. २०१४ साली तिथल्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेने 'पिच स्मार्ट' नावाने अशाच मर्यादा सर्वांसाठी प्रसिद्ध केल्या. २०१७ च्या हंगामापासून हायस्कूलच्या सामन्यांतही चेंडूंची मर्यादा घालणे राज्यांना आवश्यक झाले.

आता माझ्या अभ्यासाच्या विषयाकडे येतो. आपण पहिल्या वर्षी शिकतो, की ज्या व्यवहाराची रोजकीर्दीत नोंद नाही तो खतावणीत येत नाही, आणि खतावणीत नाही तो ताळेबंदात दिसत नाही. फ्लोरिडातल्या हायस्कूलच्या सामन्यांत काही अभ्यासकांनी मैदानाशेजारी उभे राहून पिचरची प्रत्येक फेक मोजली. सामन्याआधी हात गरम करण्याच्या फेकी, दोन डावांमधल्या फेकी, सगळ्या. अधिकृत मोजणीत न आलेल्या फेकी एकूण फेकींच्या ४२ टक्के निघाल्या. शंभराच्या व्यवहारात बेचाळीस वहीबाहेर! आपल्या लेखापरीक्षणाच्या सरांनी अशी वही भिरकावून दिली असती. आणि ही एका संघाची वही झाली. तिकडे एकच मुलगा शाळेकडून खेळतो, शनिवार-रविवारी गावोगाव फिरणाऱ्या दुसऱ्या संघाकडूनही खेळतो. दोन्ही संघांच्या वह्या आपापल्या जागी चोख असतात. फक्त दोन्ही वह्यांतला हात एकच असतो.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. गल्लीच्या संघाची धावसंख्येची वही मी ठेवतो. धावा, बळी, वाइड, सगळे लाल-निळ्या शाईत. त्यात माझ्या भावाने नेटमध्ये कोणाला किती थ्रो-डाऊन दिले याची एक ओळही नाही. आम्ही दोघांनी बसून आठवून हिशोब केला तेव्हा तो रोज दीडशेच्या खाली येईना. तोही अंदाजच. शाळेतल्या मास्तरांना गल्लीचे ठाऊक नव्हते, आम्हाला शाळेचे ठाऊक नव्हते. दोन्हीकडचे ठाऊक असलेला एकच जण होता आणि तो निवडीसाठी गप्प होता.

अशा गप्प बसण्याला शौर्य म्हणण्याची सवय फक्त आपल्यालाच आहे असे नाही. जपानमध्ये हायस्कूलच्या मुलांची बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून भरते. १९२४ पासून ती कोशिएन नावाच्या मैदानावर होते, आणि सारा देश ती पाहतो. हरलेल्या संघाची मुले त्या मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या मुलाने तिथे एका सामन्यात सतरा डाव मिळून २५० चेंडू टाकले, तेही आदल्या दिवशी १४८ टाकलेले असताना. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात प्रतिपक्षाला त्याने एकही हिट मिळू दिला नाही. तो देशाचा लाडका झाला. २०११ साली त्याच्याही कोपरावर तीच टॉमी जॉनची शस्त्रक्रिया झाली. २०१३ च्या वसंत स्पर्धेत तोमोहिरो आनराकु या सोळा वर्षांच्या मुलाने पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले. २०१८ च्या उन्हाळ्यात कोसेई योशिदाने ८८१. टाळ्यांबरोबर आता टीकाही होऊ लागली, आणि २०२० पासून एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत असा नियम आला. अमेरिकेच्या मानाने ही मर्यादा फार सैल आहे, पण जिथे मर्यादाच नव्हती तिथे ती आली.

या दोन सालांच्या मधला, २०१९ चा एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. रोकी सासाकी हा ओफुनातो गावच्या सरकारी हायस्कूलचा मुलगा. २०११ च्या त्सुनामीत त्याचे वडील आणि आजी-आजोबा गेले होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याने ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. त्याची शाळा १९८४ नंतर कोशिएनला गेली नव्हती. जुलैमध्ये जिल्ह्याच्या फेऱ्यांत २१ तारखेला त्याने १९४ चेंडू टाकले, २४ तारखेला १२९. २५ तारखेला अंतिम सामना. तो जिंकला की पस्तीस वर्षांनी गाव कोशिएनला जाणार. त्या दिवशी प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी सासाकीला खेळवलेच नाही. दुखापत होऊ नये म्हणून, एवढेच कारण. ओफुनातो १२–२ ने हरले. शाळेत रागावलेल्या लोकांचे फोनवर फोन आले. त्या प्रशिक्षकाच्या जागी आपल्या गावातला कोणी असता तर त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभे राहता आले असते का, याचा विचार मी करून पाहिला.

१० एप्रिल २०२२ रोजी, विसाव्या वर्षी, सासाकीने व्यावसायिक सामन्यात प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. सत्तावीसपैकी एकोणीस जणांना त्याने स्ट्राइकआउट केले, त्यातले तेरा लागोपाठ. याचे श्रेय त्या एका दिवसाच्या विश्रांतीला द्यावे असे मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत खेळताना त्याचा खांदा दुखावला आणि तो काही महिने बाहेर बसला, हेही खरे आहे. इतक्या वेगाने चेंडू टाकणाऱ्या हाताची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण सतराव्या वर्षी तो हात कोणीतरी मोडू दिला नाही.

प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल वाचलेले थोडक्यात सांगतो. आधी धावून अंग गरम करावे आणि मग हळूहळू अंतर वाढवत फेकावे. चेंडू फेकून हात गरम करू नये. फेकीची ताकद मुळात पाय, कंबर आणि धड यांतून येते. कंबर आखडली की तेवढे काम खांद्या-कोपराला करावे लागते. जपानमध्ये 'योकोहामा बेसबॉल-९' या नावाने ताण, हालचाल आणि तोल यांचे साधे व्यायाम लहान मुलांकडून करून घेतले, तेव्हा फेकणाऱ्या हाताच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्याला साहित्य लागत नाही, ते आपल्या कोणत्याही शाळेच्या पटांगणात होतील. वर्षात चार महिने तरी फेकीला पूर्ण सुट्टी द्यावी आणि त्यातले दोन-तीन महिने सलग असावेत. त्या काळात पोरगा कबड्डी किंवा फुटबॉल खेळेल. एकाच दिवशी दोन संघांकडून फेकू नये. वेग कमी होऊ लागला, नेम चुकू लागला, फेकताना कोपर खाली येऊ लागले, की ती थकव्याची खूण समजून थांबवावे. मर्यादेतले चेंडू शिल्लक असले तरी थांबवावे. मर्यादा गाठलीच पाहिजे असा नियम नाही. आणि कोपर किंवा खांदा फेकताना दुखला, दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला किंवा हात पूर्ण सरळ होईना, तर बाम चोळत बसू नये. वेदनाशामक गोळी घेऊन तर मुळीच खेळू नये. डॉक्टरांकडे जावे. वेळेत थांबले तर ती पट्टी बहुतेक मुलांत विश्रांतीनेच भरून येते. थांबले नाही तर ते टोक हाडापासून सुटू शकते आणि मग शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते.

भालाफेक, हँडबॉल, व्हॉलीबॉलचा स्मॅश, या सर्वांत हात याच रीतीने फिरतो. आपल्या नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. आपल्या महाविद्यालयात भाला आणि हँडबॉल दोन्ही आहेत, आणि दोन्हींत तीच ती चार-पाच मुले दिसतात.

आता आमच्या गल्लीच्या वहीत मागच्या बाजूने एक नवे पान सुरू केले आहे. रकाने चार : तारीख, कोणत्या संघासाठी, किती फेकी, हात कसा. शेजारचा बसवराज हिशोबाला आपल्या कन्नडमध्ये 'लेक्क' म्हणतो, म्हणून मुलांनी त्या पानाचे नाव 'कैची लेक्क' ठेवले आहे. कन्नडमधला 'कै', म्हणजे हात, आणि त्याला आपला मराठी 'ची'. दोन्ही भाषांचे मास्तर कान पिळतील. शेवटच्या रकान्यात 'ठीक' सोडून दुसरे काही लिहिण्याची सवय मुलांना अजून लागलेली नाही. पहिले पंधरा दिवस सगळ्यांचे सगळे 'ठीक'च होते. मग एका संध्याकाळी एका सहावीतल्या पोराने, कोणी पाहत नाही असे बघून, 'थोडा दुखतो' असे लिहिले आणि वही मिटून पळाला. त्याला त्या रविवारी आम्ही गुणलेखक केले.

भावाला डॉक्टरांनी सहा आठवडे फेकायला बंदी केली होती, ती पुढे आणखी चार आठवडे वाढली. शाळेची निवड हुकली. तो दोन दिवस जेवला नाही आणि माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, कारण डॉक्टरांकडे त्याला मीच ओढून नेले होते. गेल्या सोमवारपासून त्याला दहा पावलांवरून, हलक्या हाताने, पंचवीस फेकी मारायची परवानगी मिळाली आहे. काल सव्विसावी फेकायला त्याने हात वर केला, माझ्याकडे बघितले आणि चेंडू खिशात घातला. म्हणाला, "दादा, पंचवीस लिही."